अलास्काचा महिना ठरवायला गडचिरोलीला

अलास्काला जायचं तर आधी गडचिरोलीला जावं लागतं, हे कोणत्याही सहल कंपनीच्या पत्रकात छापलेलं नसतं. आम्हाला मात्र जावं लागलं. तेव्हा ज्यांना बर्फाचे कडे, व्हेल मासे आणि जहाजावरचं पाच वेळचं जेवण यांची वर्णनं हवी असतील, त्यांनी थोडा धीर धरावा. तिथे आम्ही अजून पोचलेलो नाही. हे वर्णन त्याच्या अलीकडच्या दोन दिवसांचं आहे. कोणत्या महिन्यात जायचं, एवढं ठरवण्यासाठी आम्ही चंद्रपूरहून निघालो आणि वैनगंगेच्या काठापर्यंत जाऊन आलो. माझ्या मते सगळ्या प्रवासातला कठीण टप्पा हाच. पुढे जहाज चालतं, आपण नुसतं बसायचं असतं.

ऊर्जानगर

मी चंद्रपूरच्या वीज केंद्राच्या वसाहतीत, ऊर्जानगरच्या शाळेत, एकतीस वर्षं भूगोल शिकवला. हिमनदीचा धडा नेमका उन्हाळ्याच्या तोंडावर यायचा. वरचा पंखा गरम हवा फेकायचा, पोरं वहीने वारा घ्यायची आणि मी फळ्यावर निळ्या खडूने हिमनदी काढायचे. एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मॅडम, तुमी पाह्यली का?" मी म्हटलं, पुस्तकात पाहिली. वर्ग हसला नाही, पण मला ते उत्तर पुढे कितीतरी वर्षं टोचत राहिलं. निवृत्त झाले त्याच दिवशी मी ठरवलं, की हिमनदी बघायची. तीही जिथे तिचा कडा तुटून समुद्रात पडतो तिथे, पाण्यावरून. म्हणजे अलास्का, म्हणजे जहाज, आणि जहाजं चालतात मे ते सप्टेंबर.

माझ्या यजमानांनी, मनोहररावांनी, वीज केंद्रात बॉयलरपाशी चौतीस वर्षं काढली. त्यामुळे दिवाळीला ते कानटोपी काढतात आणि होळीला ठेवतात. तरी त्यांनी थंडीची तक्रार केली नाही. ते म्हणाले, जाऊ की, फक्त महिना नीट ठरव.

पहिल्या वर्षी मी मे सुचवला. तिथे मे महिन्यात पाऊस कमी, डोंगरावर बर्फ शाबूत, गर्दी बेताची. मनोहरराव म्हणाले, मेमध्ये घर बंद ठेवलं तर कूलरच्या टाकीत पाणी कोण भरेल. मी म्हटलं, घरात कोणी नसताना कूलर कोणासाठी लावायचा. यावर त्यांनी दोन दिवस विचार केला आणि मग लोणच्याचे आंबे मेमध्येच उतरतात असं निघालं. दुसऱ्या वर्षी मी जून धरला. जूनमध्ये तिथे दिवस संपता संपत नाही. तर म्हणे उजेडात झोप येत नाही. रात्रपाळी करून आल्यावर दुपारी बारा वाजता कॉलनी दणाणेल असं घोरणाऱ्या माणसाचं हे म्हणणं. तिसऱ्या वर्षी जुलै-ऑगस्ट. तेव्हा व्हेल येतात, नद्यांमध्ये मासे चढतात आणि माशांमागे अस्वलं काठावर उतरतात. पण जुलैमध्ये त्यांच्या बहिणीकडे धानाची रोवणी असते, मदतीला जायला नको का? त्या रोवणीच्या चिखलात मनोहररावांचा पाय आजवर पडलेला नाही. ते बांधावर छत्री घेऊन उभे असतात आणि रांग सरळ आली का ते सांगतात. चौथ्या वर्षी सप्टेंबर. सप्टेंबरच्या अखेरीला नशीब असेल तर आकाशात हिरवा प्रकाश नाचताना दिसतो. पण तेव्हा गणपती, गणपती उठले की पितृपक्ष, आणि पितृपक्षात कोणी समुद्र ओलांडतं का, असं मला त्या माणसाने विचारलं ज्याला वडिलांची तिथी दरवर्षी मीच सांगते.

मास्तरीण ती मास्तरीणच. मी एक तक्ता केला. पाच महिने उभे, आणि आडवे रकाने हवामान, प्राणी, गर्दी असे. शेवटचा रकाना 'मनोहररावांची हरकत' असा. तोच सगळ्यात भरगच्च निघाला.

या जानेवारीत नागपूरच्या सहल कंपनीतून फोन आला, की रविवारपर्यंत महिना सांगा, नाहीतर यंदाही राहिलं. मी फोन ठेवला आणि म्हटलं, आता बोला. मनोहरराव शांतपणे म्हणाले, "बाईले विचारू. बाई म्हणन तो महिना."

बाई म्हणजे सिंधुबाई, त्यांची थोरली बहीण. त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी. चामोर्शी तालुक्यात वैनगंगेच्या काठाला तिचं सासर, घरची धानाची शेती, मुलगा गजू आणि सून. मनोहररावांच्या अख्ख्या घराण्यात बाईचा शब्द कोणी ओलांडत नाही. डाव माझ्या लगेच लक्षात आला. धान लावणाऱ्या बाईला मे ते सप्टेंबर एक महिना मोकळा सापडायचा नाही. ती पाचही महिन्यांवर काट मारणार, आणि हे हात झटकून मोकळे. पण बाईचा माझ्यावर जरा जास्त जीव आहे, हे मलाही माहीत होतं. म्हणून मी लगेच हो म्हटलं. समोरचा फसला अशा खात्रीने आम्ही दोघं शनिवारी सकाळी निघालो.

चंद्रपूर ते मूल

चंद्रपूर सोडायच्या आधी मनोहररावांना रफीकभाईंकडे चहा प्यायचा होता. रफीकभाई कूलर बनवतात, दुरुस्तही करतात. उन्हाळाभर त्यांना जेवायला फुरसत नसते आणि थंडीत ते दुकानासमोर खुर्ची टाकून वाळ्याच्या ताट्या बांधत बसतात. मनोहररावांनी मोठ्या आशेने विषय काढला. पण रफीकभाईंनी मान वर न करताच निकाल दिला, की चंद्रपुरातून जो मे महिन्यात बाहेर पडतो त्याच्यासारखा शहाणा नाही, मग तो अलास्काला जावो की अमरावतीला. मला धंदा आहे म्हणून मी राहतो, तुम्हाला काय धाड भरली? मनोहररावांनी चहा अर्धा सोडला.

मूलच्या रस्त्याला जंगल लागतं. सागाची पानं गळायला लागली होती आणि रस्त्याच्या कडेला वानरांची कुटुंबं आमच्याइतकीच निवांत बसलेली होती. मूलला आम्ही तर्री-पोह्यांसाठी थांबलो. ही तर्री पुण्याकडच्या माणसाने पहिल्या घासाला पाणी मागावं अशी असते, आणि आमच्याकडे मात्र पाव्हण्याला विचारतात की अजून घालू का. शेजारच्या बाकावर ताडोब्यात जिप्सी चालवणारा एक गृहस्थ बसला होता. आमचं बोलणं त्याच्या कानावर पडलं. आता चंद्रपूर जिल्ह्यात जंगली जनावर हा विषय निघाला आणि कोणी गप्प बसलं, असं होत नाही. आम्ही सगळेच वाघाचे शेजारी. त्याने सरळ सल्ला दिला, की मे महिना. मे महिन्यात पाणवठे आटतात, एखादा उरतो, तिथे गाडी लावून बसायचं, जनावर पाण्यावर येतंच. जगात कुठेही जा, नियम एकच.

मी शिक्षिकेच्या उत्साहाने त्याला समजावलं, की तिथे चारी बाजूंनी पाणीच असतं, आटायचा प्रश्न नाही. त्याने चमचा खाली ठेवला, बराच विचार केला आणि मला विचारलं, की मग तिथे जनावर दिसणार कसं? उगीच जाऊन राहिले तुम्ही. मनोहररावांनी खूश होऊन त्याला आणखी एक प्लेट मागवली.

तेवढ्यात गजूचा फोन आला. गावाजवळच्या नाल्यावरचा फरशीचा रपटा खोदून ठेवला आहे, गाडी येणार नाही. तुम्ही गडचिरोलीच्या पुलावरून वळसा घालून येऊ नका, सावली गावाच्या बाजूने सरळ घाटावर या, गाडी तिथेच लावा, सोमाजी नावाड्याचा डोंगा आहे, दहा मिनिटांत इकडे. मी म्हटलं वा, फारच छान. मनोहरराव म्हणाले, आपण घरी परत जाऊ.

घाटावर

इथे थोडा भूगोल सांगायला हवा. वैनगंगेच्या या काठाला चंद्रपूर जिल्हा, त्या काठाला गडचिरोली. बाईचं गाव घाटावरून समोर दिसतं, देवळाच्या कळसासकट. आमच्या लग्नाला छत्तीस वर्षं झाली आणि या छत्तीस वर्षांत आम्ही त्या गावी एकदाही घाटावरून गेलो नाही. दर वेळी गडचिरोलीच्या पुलावरून, मग चामोर्शीच्या रस्त्याने, असा मोठा फेरा. रस्ता चांगला आहे, इंजिन मोकळं होतं, गडचिरोलीत पानवाला ओळखीचा आहे, अशी कारणं मी ऐकत आले. मुलांना नकाशा वाचायला शिकवणारी मी, मला तो वळसा नकाशावर रोज दिसत होता. मला वाटायचं, पुरुषांना गाडी चालवायला आवडते, त्यातला प्रकार.

जानेवारीत वैनगंगा अंग चोरून वाहते. अर्ध्याहून जास्त पात्र रेतीचं. रेतीत मासेमारी करणाऱ्या ढिवर लोकांनी डांगराचे, म्हणजे खरबुजाचे, वेल लावले होते, वाऱ्याने रेती उडू नये म्हणून बाजूला गवताच्या आडोशांच्या रांगा. चक्रवाकांची एक जोडी दूर उभी होती. मात्र घाटाला लागून जी एक धार वाहत होती ती खोल आणि हिरवी होती, तळ न दाखवणारी. सोमाजीने डोंगा लावून ठेवला होता. तो साठीच्या पुढचा, वाळक्या अंगाचा, कमी बोलणारा. बाजाराला आलेल्या दोन बाया गाठोडी घेऊन आधीच बसल्या होत्या. त्यांनी चढताना पाण्याला हात लावून कपाळाला लावला, म्हणून मीही लावला आणि बसले.

मनोहरराव काठावरच. आधी त्यांना बूट काढायचे होते. मग काढलेले बूट परत घालायचे होते. मग गाडीची काळजी निघाली, वानरं वायपर तोडतात म्हणे. मग मोबाइल कानाला लावून ते कोणाशी तरी बोलू लागले आणि तो मोबाइल आमच्या देखत वाजला. बाया पदर तोंडाला लावून हसू लागल्या. ते अख्खं गाव त्यांना मामा म्हणतं, कारण ते गजूचे मामा. एकीने हाक मारली, की मामा, बसा, मगर नाही आहे.

मग मी बोलले. मला तो क्षण सोडायला नको होता, कारण चार वर्षांचं साचलेलं होतं. मी मोठ्याने म्हटलं, "अहो, अलास्काला काय पुलावरून जाणार आहात?"

बाया खदाखदा हसल्या. सोमाजी हसला नाही, हे माझ्या नंतर लक्षात आलं. मनोहरराव पाण्याकडे बघत म्हणाले, "तू हो समोर. मी येतो." आणि वळून गाडीकडे चालू लागले. पाठमोरे असताना त्यांनी एकदा रुमालाने मान पुसली. मी पलीकडच्या काठापर्यंत हसत होते.

बाईचं गाव

बाई त्या काठावर उभी होती. बहात्तरीची, पण पाठ ताठ. हिरव्या लुगड्याचा काष्टा आणि हातात माझी पिशवी घ्यायची घाई. तिने विचारलं, मनोहर कुठी? मी तिला सगळा प्रसंग सांगितला, बुटांसह आणि वाजलेल्या मोबाइलसह. मला नक्कल बऱ्यापैकी जमते. एरवी बाई माझ्या नकलांना पोट धरून हसते. त्या दिवशी ती हसली नाही. चल, म्हणाली, आणि पुढे चालू लागली.

घरी सून झिंगे निवडत बसली होती. नदीतले छोटे झिंगे आणि वांगी, ही भाजी मला चंद्रपुरात कधी तशी जमली नाही. बाईने मला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, आणि समोर बसून सांगायला लागली. तिचं बोलणं मी होतं तसं लिहिते.

"माह्या लगनात तो नवाचा होता. पाठराखा म्हून माह्यासंगं धाडला. याच घाटावरून. मे महिना होता, तरी त्या डोहात पानी राह्यतेच. डोंग्यात लोकं जास्त झाले. घाट जरासा मागं राह्यला अन् डोंगा पलटला. मले अंगावर सोनं, डोक्शाले बाशिंग. सारे माह्यावर तुटून पडले. मले काढलं, नवरदेवाले काढलं, पेटी काढली. त्याले कोनी मोजलंच नाई. मीच बोंबलली, की माहा भाऊ कुठी हाय. तवा सोमाजीच्या बापानं बुडी मारली अन् केसाले धरून आनला."

नवरीसोबत तिच्या धाकट्या भावाला पाठराखा म्हणून सासरी धाडायची ती रीत मला माहीत होती. नवख्या घरी तिला सोबत व्हावी म्हणून. ज्याला सोबतीला धाडलं तोच बुडाला होता.

बाईने पुढचं सांगितलं, ते मला जास्त लागलं. पोरगा शुद्धीवर आला, ओकला, आणि मांडवात बसवला तर सगळे वऱ्हाडी हसायला लागले. पाठराखाच बुडाला, नवरीची राखण कोण करणार, अशी थट्टा पाच दिवस चालली. जेवताना, हळद उतरताना, परत जाताना. तेव्हापासून तो कधी डोंग्यात बसला नाही, आणि का बसत नाही हे कोणाला कधी सांगितलं नाही. "तुले सांगतलं असन असं वाटे मले," बाई म्हणाली.

छत्तीस वर्षांत नव्हतं सांगितलं. आणि का सांगावं? माझ्यासारख्या बाईला, जिला नक्कल चांगली जमते? मला फार लाज वाटली. घाटावर ज्या आवाजात मी बोलले तो आवाज माझ्याच कानात पुन्हा पुन्हा येत होता, आणि तो मांडवातल्या कोणाही वऱ्हाड्याचा असू शकला असता. मी तक्त्यात पाच महिने, हवामान, व्हेल, अस्वलं सगळं मांडलं होतं. हरकतींचा रकानाही चवीने भरला होता. माणूस पाचही महिन्यांना नाही म्हणतो तेव्हा हरकत महिन्याला नसते, एवढं साधं मला सुचलं नव्हतं.

ऊन उतरताना मनोहरराव आले. ते गडचिरोलीवरून वळसा घालून, खोदलेल्या रपट्यापाशी गाडी ठेवून, लाखोळीच्या शेतांतून बांधाबांधाने चालत आले होते. पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली आणि हातात गडचिरोलीच्या पानवाल्याची पुडी. रस्ता चांगला आहे, असं त्यांनी आल्या आल्या जाहीर केलं. बाईने गरम पाण्याची बादली आणून ठेवली आणि माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

जेवण इकडे दिवेलागणीलाच होतं. भात, झिंगे-वांगे, अंबाडीची भाजी, आणि भातावर जवसाची चटणी. आमच्या कॉलनीत पाव्हण्याला पोळी आग्रहाने वाढतात, इथे भाताचा डोंगर करतात आणि तो संपवला तरच तुम्ही माणसात. मनोहररावांनी दोन डोंगर संपवले आणि मग हळूच विषय काढला, की बाई, आमाले कोणत्या महिन्यात जाता येईल?

बाईने बोटांवर मोजायला सुरुवात केली. मे महिना लग्नाचा आणि तेंदूपत्त्याचा, पहाटे रानात जावं लागतं. जूनला धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, टाकायचे. जुलैला रोवणी, तेव्हा तर मेलेला माणूसही उठून बांधावर येतो. ऑगस्टला निंदण, मग पोळा. सप्टेंबरला धान पोटरीत येतं, रानडुकरांपासून राखावं लागतं. प्रत्येक बोटागणिक मनोहररावांचा चेहरा उजळत गेला. पाचवं बोट मिटलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं. मी ताटाकडे बघत होते.

मग बाई म्हणाली, "पन हे माहे महिने झाले. मी कुठी जाऊन राह्यली? ज्याले भेव हाय त्यानंच महिना सांगावा."

मनोहररावांनी आधी बाईकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. मला कळलं आहे, हे त्यांना कळलं. त्यांनी हात धुतले आणि ते अंगणात जाऊन गजूला रपट्याच्या कामाबद्दल बारीकसारीक प्रश्न विचारत बसले.

दुसरा दिवस

सकाळी अंगणात चूल पेटली होती, धुकं नदीवरून वर सरकत होतं. मी मनात ठरवून ठेवलं होतं तेच बोलले. "राहू द्या आता. मी शाळेतल्या सुलभाबाईंसोबत जाईन. त्या केव्हाच्या मागे लागल्या आहेत. तुम्ही नागपूरपर्यंत सोडायला या." मी मनापासून बोलले होते. थोडं वाईट वाटत होतं, हिमनदी पहिल्यांदा बघताना शेजारी सुलभाबाई असतील याचं, कारण त्या प्रत्येक गोष्टीला 'अगदी सिमल्यासारखं' म्हणतात. पण तेवढं मी सोसलं असतं.

मनोहररावांनी चहा संपवला. बूट घातले नाहीत. अनवाणी दारापर्यंत गेले आणि गजूला विचारलं, की सोमाजी घाटावर असेल का या वेळी.

बाई, गजू, मी असे सगळे मागोमाग गेलो. इकडच्या काठाला रेती, पाणी उथळ. पलीकडच्या काठाजवळ तो डोह. सोमाजी जाळं सारखं करत होता. त्याने विचारलं, त्या पार जायचं आहे का? मनोहरराव म्हणाले, नाही, मधापर्यंत जायचं आणि वापस यायचं. सोमाजीच्या आयुष्यात असं गिऱ्हाईक आलं नसावं. माणसं इकडून तिकडे जातात, कामाला, बाजाराला, लग्नाला. मधापर्यंत जाऊन परत यायला कोणी डोंगा मागत नाही. पण त्याने एकदा मनोहररावांच्या तोंडाकडे पाहिलं आणि जाळं बाजूला ठेवलं.

मनोहररावांनी पाण्याला हात लावून कपाळाला लावला. मग सोमाजीच्या खांद्याला धरून आत पाय टाकला. डोंगा जरासा कलंडला, तसे ते खाली मटकन बसले आणि दोन्ही हातांनी दोन्ही कडा घट्ट धरल्या. मी समोर बसले. बाई काठावर उभीच राहिली. गजूने तिला बसायला दगड दाखवला तरी ती बसली नाही, आणि आम्ही परत येईपर्यंत बसली नाही.

सोमाजी वल्हं अगदी सावकाश मारत होता. पाणी हळूहळू रंग बदलत गेलं, आधी रेतीचं पिवळं, मग हिरवट, मग नुसतं काळं. मनोहररावांचे डोळे गच्च मिटलेले. कपाळावर घाम, जानेवारीच्या थंडीत. बॉयलरपाशी चौतीस वर्षं उभ्या राहिलेल्या माणसाला एवढा घाम आलेला मी कधी पाहिला नव्हता. माझ्या जिभेवर दोन-तीन वाक्यं आली, सवयीने. मी ती गिळली. भूगोलाच्या शिक्षिकेने नदीच्या मध्यावर तोंड बंद ठेवणं हा सुद्धा काही लहान पराक्रम नाही.

डोहावर आल्यावर सोमाजीने वल्हं थांबवलं. डोंगा जागच्या जागी जरासा हालत राहिला. मनोहररावांनी डोळे उघडले नाहीत.

"मे," ते म्हणाले.

मला वाटलं, मी मांडलेलं हवामान त्यांना शेवटी पटलं. मी विचारलं, "कोरडा असतो म्हणून?"

"हवामान तू पाह्य. मे जवळ हाय म्हून." त्यांनी एक श्वास घेतला. "सप्टेंबरपर्यंत भेत राहाचा दम नाई माह्यात."